सरवा आणि उपरी : बेळगाव कॅम्प व निपाणी परिसरातील मंडळ्यांसाठी एक ऐतिहासिक टिपण

आपल्या मंडळ्यांच्या वार्षिक उपासनाक्रमात कापणीच्या सणाला मानाचे स्थान आहे. त्या दिवशी वेदीपुढे भोपळे, केळीचे घड, उसाची मोळी, भाताच्या लोंब्या आणि अंड्यांच्या परड्या मांडल्या जातात. भक्ती आटोपल्यावर त्यांचा लिलाव होतो, एखादे साधे लिंबू भक्तिभावाच्या भरात बाजारभावाच्या कितीतरी पटींनी जाते, आणि जमलेली रक्कम मंडळीच्या निधीत पडते. ही प्रथा आम्हांस प्रिय आहे व ती टिकावी अशीच आमची इच्छा आहे. परंतु ज्या शास्त्रभागावरून आपण प्रथमफळाचा विधी घेतला, त्याच शास्त्रभागात त्याच्या पाठोपाठ दुसरी एक आज्ञा आहे, आणि तिची मात्र आपल्या उपासनेत कोठेही खूण उरलेली नाही.

लेवीय पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात सणांची यादी आहे. पहिली पेंढी याजकाकडे आणण्याचा विधी सांगून झाला, सप्ताहांच्या सणाची अर्पणे सांगून झाली, आणि पुढच्या सणाकडे वळण्यापूर्वी, बाविसाव्या वचनात, नियमशास्त्र अकस्मात शेताच्या कोपऱ्याकडे वळते. कोपऱ्यापर्यंत कापू नये, गळालेले वेचू नये, ते दरिद्री व उपरी यांच्यासाठी राहू द्यावे, असा तेथे दंडक आहे. हे वचन या स्थळी अनवधानाने आले आहे असे आम्हांस वाटत नाही. पिकाचा पहिला भाग वेदीचा, शेवटचा भाग दरिद्र्याचा, आणि मधला तेवढा मालकाचा, अशी ही विभागणी आहे. आपण पहिला भाग जतन केला आणि शेवटचा विसरलो. हा विसर कसा पडला, आणि बेळगाव कॅम्प व निपाणी या आपल्या सीमाभागात त्याचा आज काय अर्थ होतो, याचा थोडा ऐतिहासिक विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. दोन शब्दांची साक्ष

मराठी शास्त्राच्या भाषांतरकारांनी या आज्ञेसाठी जे दोन शब्द योजले, ते दोन्ही आपल्या मातीतले आहेत. पहिला शब्द ‘सरवा’. पीक काढून नेल्यावर रानात जे उरते, ते सरवा होय. गळालेली कणसे, मातीत राहून गेलेल्या भुईमुगाच्या शेंगा, कुदळीतून निसटलेली रताळी, हा सगळा सरवाच. बेळगावच्या पश्चिमेकडील तांबड्या रानांत रताळी निघाल्यावर, किंवा भुईमूग उपटून झाल्यावर, बायका व मुले पाटी आणि खुरपे घेऊन मागाहून त्या रानात उतरतात. खेड्यांत सेवा केलेल्या पाळकांना व धर्मशिक्षकांना हे दृश्य नवे नाही.

दुसरा शब्द ‘उपरी’. हा शब्द आज आपण हेटाळणीने वापरतो. जुन्या मराठी गावात मात्र त्याला निश्चित अर्थ होता. जमीन कसणारे लोक दोन प्रकारचे असत, मिरासदार व उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची असे आणि गावकीत त्याचा शब्द चाले. उपरी हा बाहेरून आलेला, करारावर जमीन कसणारा. त्याचा घाम गावात पडे, पण गावावर त्याचा हक्क नसे. ब्रिटिश अमदानीतील रयतवारी पाहणीनंतर हा भेद दप्तरातून हळूहळू मिटला, तरी लोकांच्या जिभेवर तो राहिला. इस्राएलात जमिनीचा वाटा नसलेल्या परक्या रहिवाशासाठी भाषांतरकारांनी नेमका हाच शब्द निवडला, आणि त्यामुळे नियमशास्त्राचा एक मर्मभाग मराठी वाचकाच्या थेट अंगणात आला. ज्याचे गावात काही नाही, त्याचेही शेतात काही आहे, असे हे शास्त्र सांगते. शिवाय हे सांगताना इस्राएलाला मिसर देशातील त्याच्या स्वतःच्या उपरेपणाची आठवण वारंवार दिली जाते.

२. शास्त्रातील सरव्याचे स्वरूप

लेवीय १९ आणि अनुवाद २४ हे दोन उतारे शेजारी ठेवून वाचले असता तीन गोष्टी ध्यानात येतात.

पहिली गोष्ट अशी की, मालकाला येथे ‘दे’ असे सांगितलेले नाही. ‘घेऊ नको’ असे सांगितले आहे. दान देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली. सरव्यात मालकाचा हात मुळी मध्ये येतच नाही. तो मागे वळून पाहत नाही, एवढेच त्याचे कर्तव्य.

दुसरी गोष्ट, दरिद्री मनुष्य स्वतः शेतात येतो, स्वतः वाकतो, स्वतः वेचतो, आणि जे मिळेल ते आपल्या कष्टाचे म्हणून घरी नेतो.

तिसरी गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. हा नियम केवळ धान्याचा नाही. जैतुनाचे झाड एकदा झोडपल्यावर त्याच्या फांद्या पुन्हा चाचपू नयेत आणि द्राक्षमळा एकदा खुडल्यावर पुन्हा खुडू नये, असे अनुवाद २४ मध्ये स्पष्ट आहे. म्हणजे फळझाडांचाही सरवा आहे.

इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथात शेताच्या कोपऱ्यावर एक संपूर्ण प्रकरण आहे. कोपरा शेताच्या साठाव्या हिश्शाहून कमी नसावा, असे प्रमाण त्यात ठरविले आहे. पुढे एक व्यावहारिक सूचनाही येते. धान्य दरिद्र्यांनी उभ्या पिकातून घ्यावे. पण मांडवावरची द्राक्षे आणि खजुराचे झाड यांच्या बाबतीत मालकाने फळे खाली उतरवून वाटावीत. उंचावरून पडण्याचा धोका गरिबाच्या माथी येऊ नये, हा हेतू त्यात उघड आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या धर्मपंडितांनी गरिबाच्या पोटाबरोबर त्याच्या हाडांचाही विचार केला होता.

या नियमाची सर्वांत जिवंत कथा रूथच्या पुस्तकात आहे. ती आपण विवाहप्रसंगी निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगतो आणि तिच्यातील शेत विसरतो. रूथ मवाबी होती. अनुवाद २३ प्रमाणे मवाब्याला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नव्हता. तरीही बेथलेहेमच्या शेतात तिला बांधावर कोणी अडविले नाही. जिला मंडळीचे दार बंद होते, तिला शेताचा कोपरा मोकळा होता. त्या कोपऱ्यातून ती बवाजाच्या घरात गेली, आणि तिच्या वंशात दावीद व पुढे ख्रिस्त जन्मास आला. मंडळीपेक्षा शेताने येथे आधी ओळख दाखविली, ही गोष्ट आम्हां मंडळीच्या सेवकांना अंतर्मुख करणारी आहे.

३. पश्चिमेकडील विसर

हा नियम मिशनऱ्यांबरोबर आपल्याकडे का आला नाही, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर त्यांच्या देशाच्या इतिहासात सापडते. युरोपात ख्रिस्ती राष्ट्रांनी सरवा बराच काळ मानला. फ्रान्समध्ये १५५४ साली दुसऱ्या हेन्री राजाच्या फर्मानाने वृद्ध, अपंग, मुले अशा दुर्बलांना पीक निघाल्यावर शेतात वेचण्याची मुभा दिली. इंग्लंडात ही रूढी गावोगावी होती. पण १७८८ साली, सफोक परगण्यातील मेरी हॉटन नावाच्या स्त्रीविरुद्धच्या खटल्यात, तेथील न्यायालयाने असा निर्णय दिला की सामान्य कायद्याने कोणालाही दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचण्याचा हक्क नाही. चार न्यायाधीशांपैकी गूल्ड या एकानेच मोशेच्या नियमशास्त्राचा आधार घेऊन भिन्न मत नोंदविले. उरलेल्या तिघांच्या मते मालमत्ता ही निरपवाद होती आणि मोशेचा नियम इंग्लंडास बंधनकारक नव्हता.

निर्णय लागला, तरी लोक वेचत राहिले. एकोणिसाव्या शतकातही अनेक इंग्रज गावांत चर्चची घंटा सकाळी वाजे तेव्हा सरवा वेचण्यास आरंभ होई आणि सायंकाळी वाजे तेव्हा थांबे. तान्हे मूल घेऊन उशिरा पोहोचणाऱ्या आईलाही इतरांबरोबर संधी मिळावी, हा त्या घंटेचा उपयोग. म्हणजे कायद्याने हक्क नाकारला, आणि चर्चच्या मनोऱ्याने तो काही काळ सांभाळला. परंतु कायद्याच्या भाषेत विचार करणाऱ्या पिढीने जेव्हा आपल्या देशात पाऊल टाकले, तेव्हा तिच्या सामानात प्रथमफळाचा सण होता, सरवा नव्हता.

४. गावगाड्याचा सरवा आणि एक रास्त आक्षेप

आता आपल्या गावाकडे वळू. आपल्याकडे खळ्यावरच्या राशीतून बलुतेदारांना वाटा देण्याची पद्धत होती, आणि तीच आपली कोपऱ्याची आज्ञा असे काही जण म्हणतात. हे म्हणणे अर्धसत्य आहे. बलुते सेवेशी बांधलेले होते, आणि सेवा जातीशी. ज्याने वर्षभर सांगितले ते केले त्याला खळ्यावर वाटा. ज्याने नाकारले त्याचा वाटा बंद. महार वतनाने माणसास धान्याच्या मोबदल्यात पिढ्यान्‌पिढ्या कसे बांधून ठेवले, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाचे विधेयक मांडून जगापुढे ठेवले. मोशेच्या सरव्यात असा मोबदला नाही. बवाजाच्या शेतात रूथने कोणाची सेवा करणे बांधील नव्हते.

म्हणून, आपल्या मंडळ्यांतील वडीलधारी मंडळी ‘वेचणे’ हा शब्द ऐकताच मान फिरवितात, त्याचा आम्हांस राग येत नाही. त्यांच्या आईबापांनी उरलेसुरले वेचले ते अपमानासह वेचले. ख्रिस्ती होणे म्हणजे त्या पाटीतून सुटणे, अशी त्यांची धारणा आहे आणि ती न्याय्य आहे. जो कोणी मंडळीत सरव्याची गोष्ट काढील, त्याने या आठवणीसमोर आधी नम्र झाले पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की, अपमान वेचण्यात नव्हता. बांधावर उभे राहून जात विचारणाऱ्या नजरेत तो होता. ती नजर काढून टाकल्यावर जे उरते, ते शास्त्रातील सरवा होय.

५. कॅम्पाचे आवार

१८१८ साली बेळगावचा किल्ला मन्रोच्या सैन्याने घेतला आणि पुढे किल्ल्याच्या पश्चिमेस लष्कराची छावणी वसली. तिलाच आपण कॅम्प म्हणतो. कॅम्पाची गंमत अशी की तेथे मिरासदार कोणीच नव्हता. शिपाई, बावर्ची, धोबी, बेकरीवाले, शिक्षक, मिशनरी, सारे बाहेरून आलेले. इंग्रजी, तमिळ, कोंकणी, उर्दू, मराठी, कन्नड अशा भाषा तेथे एकाच विहिरीवर ऐकू येत. बाबेलात नेलेल्या बंदिवानांना यिर्मयाने पाठविलेल्या पत्रात, घरे बांधा, मळे लावा व त्यांची फळे खा, असा उपदेश आहे. कॅम्पातील प्रशस्त आवारे पाहताना हा अध्याय आठवतो. उपऱ्यांनी लावलेली ती झाडे आहेत.

१८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बळ्ळारीहून बेळगावास आले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी हे कार्य मेथॉडिस्ट मंडळीकडे सोपविण्यात आले. १८५६ साली येशूसंघीयांची सेंट पॉल शाळा कॅम्पात उभी राहिली आणि १९५३ साली बेळगाव हे कॅथोलिक धर्मप्रांताचे ठाणे झाले. या सर्वांनी शाळा, दवाखाने, प्रार्थनामंदिरे बांधली. आणि प्रत्येक इमारतीभोवती आवार राखले. आंबा, फणस, जांभूळ, चिंच, पेरू, चिकू यांनी ही आवारे भरली. योगायोग असा की त्याच १८२० साली, ज्यांनी मराठी व्याकरण व मराठी नवा करार छापून आपल्या भाषेवर ऋण केले त्या विल्यम कॅरी यांनी, बंगालमध्ये शेती व बागायतीच्या सुधारणेसाठी संस्था स्थापन केली. देवाचे वचन आणि झाडाची कलमे या दोन्ही गोष्टी एकाच हाताने लावता येतात, असा त्यांचा विश्वास होता.

परंतु आवाराला भिंत होती. भिंतीच्या आतले फळ संस्थेचे, आणि बाहेरच्या रस्त्याकडेच्या झाडांचे फळ सरकारचे. मुंबई इलाख्यात रस्त्यावरील आंब्या-चिंचेच्या फळांचा दरसाल लिलाव करून ते उत्पन्न सार्वजनिक निधीत जमा करण्याची पद्धत रूढ झाली. मंडळ्यांनीही आपल्या झाडांच्या बाबतीत पुष्कळ ठिकाणी हाच मार्ग धरला. त्यात गैर काही नव्हते. पण लिलावात झाड शेवटच्या फळापर्यंत विकले जाते. दुसऱ्यांदा फांदी झोडपू नये हा नियम तेथे उरत नाही.

याच काळात दुष्काळाने दुसरी एक शिकवण रुजविली. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात बेळगाव, धारवाड, विजापूर हा सारा प्रदेश होरपळला. दुष्काळी कामावरील मजुरास दिवसाला एक पौंड धान्याची किंमत व वर एक आणा, असा हिशेब सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने पुढे आला. मदत मागणाऱ्याने आधी आपली उपासमार सिद्ध करावी, हे तत्त्व त्यामागे होते. पुढे मंडळ्यांनी दुष्काळात पुष्कळ जीव वाचविले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पण नोंदवही, चौकशी, शिफारसचिठ्ठी ही पद्धत आपण सरकारी छावणीतूनच उचलली, आणि तिला धर्मकार्य म्हणू लागलो.

६. केडगावची बाग

या इतिहासात एक अपवाद असा आहे की त्यापुढे आम्ही आदराने थांबतो. पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ साली पश्चिम घाटातल्या, आजच्या कर्नाटकातील रानात, मराठी बोलणाऱ्या घरी झाला. त्या आपल्या सीमाभागाच्याच कन्या म्हणावयाच्या. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे कुटुंब दक्षिणेत रानोमाळ भटकत असता, पाणी, झाडपाला व मूठभर रानखजूर यांवर त्यांनी दिवस काढले. उच्च कुळाच्या अभिमानामुळे हातांनी कष्ट करणे किंवा मागणे आपल्याला जमले नाही, असे त्यांनी स्वतःच पुढे निःसंकोचपणे लिहून ठेवले आहे. आईबाप त्या काळात गेले.

शारदा सदनास अमेरिकेतून मिळणाऱ्या साहाय्याची मुदत दहा वर्षांची होती. ती संपल्यावर संस्था स्वतःच्या पायांवर उभी राहावी म्हणून रमाबाईंनी १८९० च्या दशकात पुण्याच्या पूर्वेस, केडगाव येथे जमीन घेऊन फळझाडे लावली. हेतू साधा होता. फळे विकावीत आणि सदन चालवावे. इतक्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-स्त्रियांना घेऊन परतल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात एवढी माणसे ठेवणे अशक्य झाले, तेव्हा त्या सर्वांना केडगावच्या मळ्यात नेण्यात आले. उत्पन्नासाठी लावलेली बाग अशा रीतीने आश्रयस्थान झाली, आणि तेथेच मुक्ती सदन उभे राहिले. मुलींनी विहिरींवर पाणी काढले, भाजी लावली, दळण दळले. ज्या हातांना कष्ट करण्याची लाज वाटावी असे समाजाने शिकविले होते, ते हात तेथे मातीत गेले.

मुक्तीच्या कार्याची अनेकांगी थोरवी सर्वांना ठाऊक आहे. आम्ही येथे एकच बाब अधोरेखित करतो. बागेचा हिशेब ठरला होता, आणि दारात उपरी आल्यावर रमाबाईंनी तो हिशेब बदलला. रानखजुराची चव ज्यांनी जिभेवर जपली होती, त्यांनाच हे सुचले.

७. निपाणीचे रान

कॅम्पातून उत्तरेस महामार्गाने तवंदीचा घाट उतरले की निपाणीचा मुलूख लागतो. वेदगंगेच्या खोऱ्यातील ही काळी जमीन विड्यांच्या तंबाखूसाठी नावाजली. तंबाखूने निपाणीस बाजारपेठ दिली, वखारी दिल्या आणि हजारो बायांना त्या वखारींत धुळीत बसून चाळण्या-निवडण्याचे काम दिले. १९८१ साली रास्त भावासाठी तंबाखू उत्पादक शेतकरी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठाण मांडून बसले, आणि एप्रिलमध्ये झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. ते आंदोलन शेतकऱ्याच्या घामाच्या मोलाचे होते, आणि त्याचे न्याय्यपण आम्ही मान्य करतो.

पण सरव्याच्या दृष्टीने पाहिले तर निपाणीच्या रानाने आणखी एक गोष्ट शिकविली आहे. तंबाखूच्या शेताला सरवा नसतो. पीक निघाल्यावर जी पाने गळतात, त्यांतून कोणाचे पोट भरत नाही. शेळीसुद्धा त्यांना तोंड लावीत नाही. उसाचेही बरेचसे असेच. तोडणी झाल्यावर वाढे जनावरांना मिळतात, माणसाला काही नाही. जोंधळा, भुईमूग, तूर, भात यांची राने जसजशी कमी झाली, तसतसा शेताचा कोपरा न बोलता नाहीसा झाला. मालकाने तो हिरावून घेतला असे नाही. पिकानेच तो मिटविला. वखारीतून परतणारी बाई आज मेथीची पेंडी बाजारात विकत घेते. तिच्या आजीने भाजी बांधावरून खुडली होती.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबातील माणशी दरमहा ५ किलो धान्याची तरतूद केली, आणि कर्नाटकात त्याच वर्षी अन्नभाग्य योजना सुरू झाली. ही फार मोठी गोष्ट आहे, कारण येथे धान्य हे दान न राहता हक्क झाले. परंतु शिधापत्रिकेवर तांदूळ येतो. शेवग्याच्या शेंगा, पपई, पेरू, पालेभाजी येत नाही. आज आपल्या भागातील गरिबाचे ताट रिकामे नसते, पण पुष्कळदा ते एकाच रंगाचे असते.

८. आपल्या हाती काय आहे

हे सर्व लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालो त्याचे कारण सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, कॅम्पातील एका आवारात आम्ही एका सभेसाठी गेलो होतो. जांभळाच्या झाडाखाली जमीन जांभळी झाली होती. एक प्रौढ बाई ओच्यात जांभळे वेचीत होती. राखणदाराने तिला हटकले, आणि ती ओचा तेथेच रिकामा करून फाटकाबाहेर गेली. आम्ही काहीच बोललो नाही. सभेची वेळ झाली होती. सभा संपून बाहेर आलो तेव्हा ती जांभळे झाडून कचऱ्याच्या ढिगावर टाकलेली होती. त्या सभेचा विषय दारिद्र्य निर्मूलन हा होता.

त्या दिवसापासून लेवीय २३ आम्हांस पूर्वीसारखा वाचता आलेला नाही. म्हणून पाळकबंधुभगिनी व धर्मशिक्षक यांच्यापुढे काही सूचना नम्रपणे ठेवतो.

आपल्या आवारातील फळझाडांची एक वही करावी. कोणते झाड, कोणत्या महिन्यात फळते, आणि फळाचे काय होते, एवढेच तीत लिहावे. तिसऱ्या रकान्यात काय लिहावे लागते, ते पाहून पुष्कळ मंडळ्यांना आश्चर्य वाटेल. लिलाव करावयाचा असल्यास करावा; पण एखादे झाड, किंवा प्रत्येक झाडाची शेवटची तोड, लिलावातून वगळावी आणि तसे फाटकावर मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत लिहावे.

फणस, नारळ, आंबा अशा उंच झाडांवर कोणास चढू देऊ नये. मिश्नाचा सल्ला येथे मानावा. मंडळीच्या तरुणांनी फळे उतरवून झाडाखाली ठेवावीत आणि दूर व्हावे. ‘दूर व्हावे’ हे शब्द आम्ही विचारपूर्वक लिहीत आहोत. वेचणाऱ्याचे नाव, जात, भाषा, मंडळी विचारू नये. छायाचित्र काढू नये. वेचून झाल्यावर प्रवचन ऐकण्यास बसवू नये. वेळ ठरवावी आणि घंटा वाजवावी, म्हणजे सबळांनी आधी येऊन सारे नेले असे होणार नाही. आपल्या घंटेला हे काम शोभेल.

जेथे आवारात पडीक जागा असेल तेथे आसपासच्या कुटुंबांना वाफे द्यावेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘अधिक धान्य पिकवा’ या मोहिमेने, आणि १९६५ साली आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर फिरविणाऱ्या लालबहादुर शास्त्री यांनी, शोभेच्या जागेतही अन्न पिकते हे दाखविले होते. मात्र वखारीत दिवस घालविणाऱ्या बाईला रोजचे शिंपणे झेपणार नाही, हे ध्यानात ठेवावे. शेवगा, पपई, कढीपत्ता, अळू, केळ अशी कमी राखणीची झाडे आधी लावावीत. वाफ्यातील पीक ज्याने लावले त्याचेच असावे. सरवा व वाफा या दोन भिन्न गोष्टी आहेत; ज्यांना वेचण्याच्या आठवणीचा काटा अजून सलतो, त्यांना वाफा हा अधिक मानाचा मार्ग वाटेल, आणि तो त्यांना खुला असावा.

अमेरिकेत १९७९ साली दोन मेथॉडिस्ट पाळकांनी सोसायटी ऑफ सेंट अँड्र्यू ही संस्था काढली. आकार बरोबर नाही म्हणून व्यापारी नाकारीत असलेले बटाटे गोळा करून गरजूंकडे पोहोचविण्याच्या कामातून ती वाढली आणि पुढे शेतांतील सरवा वेचण्याकडे वळली. आपल्याकडे बटाटा आणि रताळे निवडून प्रतवारी होते, आणि निवडीनंतर ढीग उरतोच. मंडळीतील शेतकरी बांधवांशी बोलून तो कोणासाठी राहू देता येईल, याचा विचार व्हावा.

आणि कापणीच्या सणात, प्रथमफळाच्या लिलावानंतर, लेवीय २३ चे बाविसावे वचन मोठ्याने वाचले जावे. नंतर मंडळीने फाटक उघडून बाहेर पडावे, व ते फाटक त्या दिवशी सायंकाळपर्यंत उघडे राहू द्यावे.

याने भूक मिटेल, असा आमचा दावा नाही. चार आवारांतील जांभळांनी आणि शेवग्यांनी निपाणीच्या वखारीतील मजुरी वाढणार नाही. त्यासाठी न्यायाचा दुसरा, लांबचा मार्ग चालावा लागेल. पण या सीमाभागात गेली कित्येक दशके एक प्रश्न घरोघर विचारला जात आहे, की येथे मूळचा कोण आणि उपरी कोण. राज्यपुनर्रचनेने १९५६ साली रेषा ओढली, आणि त्या रेषेच्या दोन्ही बाजूंस माणसे एकमेकांना हा शब्द ऐकवीत आली. मंडळीकडे या प्रश्नाचे राजकीय उत्तर नाही. तिच्याकडे रूथची गोष्ट आहे. त्या गोष्टीत उपरी कोण याचा निकाल लागत नाही. त्याच्यासाठी रानात काय राखून ठेवले आहे, एवढेच पाहिले जाते.

जांभळाचे ते झाड अजून उभे आहे, आणि येत्या पावसाच्या तोंडावर ते पुन्हा फळेल.